फोटोला खिडकी लागते

४ मार्च

छोटे डॉक्टर,

आशीर्वाद वरच लिहिला तर तू पुढचं वाचणार नाहीस, म्हणून तो शेवटी ठेवलाय. तिथपर्यंत यावं लागेल.

फोनवर मला बंद करून ठेवलंयस हे मला कळलंय. तुझ्या आईला अगदीच काही कळत नाही असं समजू नकोस. निरोप पाठवला की एकच खूण येते, दुसरी येत नाही. अकरा महिने एकच खूण. पोस्टमनला मात्र अजून कुणाला बंद करता येत नाही, म्हणून हे पत्र. पस्तीस वर्षांत औषधाच्या चिठ्ठीपलीकडे मी काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षर लागलं नाही तर औषधाच्या दुकानात नेऊन वाचून घे.

बातमी अशी की आपल्या दवाखान्यात अॅप आलं. कंपनीचा माणूस आला होता, टाय-बिय लावून. म्हणाला, "मॅडम, पेशंट आता घरबसल्या नंबर लावतील. तुमचा किती वेळ वाचेल बघा." मी म्हटलं, "आणि वाचलेला वेळ ठेवू कुठे?" तो हसला नाही. नवीन लोकांना हसायची परवानगी नसते वाटतं.

आता लोक मला तारे देतात. शाळेत गुरुजी देत नसत इतके तारे या वयात मिळतायत. एका गृहस्थांनी दोनच दिले. खाली लिहिलं, "डॉक्टर अनुभवी आहेत पण इंजेक्शन देत नाहीत." दुसऱ्या एका बाईंनी पाच दिले आणि लिहिलं, "पंखा छान आहे." म्हणजे तुझ्या बाबांनी बसवलेल्या पंख्याला पाच आणि मला दोन.

आणि रोग आता मी शोधायचाच नाही. परवा एक कॉलेजातला प्राध्यापक आला. बसायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, माझ्या डोक्यात गाठ आहे." कोण म्हणालं? तर फोन म्हणाला. मी त्याला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. चौथ्या ओळीतच अडखळला. चष्म्याचा नंबर वाढलाय म्हटल्यावर माणूस नाराज झाला. आठवडाभर गाठ घेऊन फिरला, आणि हातात पडला चष्मा.

नंबर पुकारायला काकू बसतात. हो, आपल्याच काकू. कंपाउंडरकाकांच्या खुर्चीत, औषधाच्या काउंटरमागे. काका गेल्यावर महिनाभरानं मीच त्यांना म्हटलं, घरी एकट्या बसून काय करणार, इकडे येऊन बसत जा. आता सकाळी साडेआठला येतात, एक वाजता आम्ही दोघी एकत्र जेवतो, मग त्या घरी जातात. दिवसभरात मी ज्या माणसाशी दुखण्याशिवाय काही बोलते ते तेवढं एकच.

त्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नाही. तुलाही वाचायचं नसेल.

आता घे आशीर्वाद.
आई


१९ मार्च

छोटे डॉक्टर,

उत्तर नाही. ठीक आहे. मी काही उत्तरासाठी लिहीत नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला बोलू. पोस्टमन दिसला की मी चष्मा लावते.

एक ते चार दवाखाना बंद. पूर्वी या वेळात मी झोपत असे. आता वर येते, भांडी विसळते आणि बसते. समोरच्या इमारतीत एक बाई रोज याच वेळी गॅलरीत कपडे वाळत घालते. आमची ओळख नाही. परवा ती दिसली नाही तर मला उगाच काळजी वाटली, इतकी माझी प्रगती झालीय.

व्हिडिओवर पेशंट बघणं सुरू केलंय. बघणं कसलं, कपाळं बघते मी. एक आजोबा कायम कानच दाखवतात, कारण फोन आला की तो कानाला लावायचा एवढंच त्यांना ठाऊक. मी इकडून ओरडते, "आजोबा, जीभ दाखवा, जीभ!" आणि पडद्यावर मोठा कान. एका आईनं मुलाच्या अंगावरच्या पुरळाचा फोटो पाठवला. मी मोठा करून करून पाहिला. फरशी होती ती, ठिपक्यांची.

मनगटावर ते घड्याळ बांधून एक बँकेतली बाई आली. घड्याळ म्हणतं तिला झोप नीट लागत नाही. मी विचारलं, घड्याळ घेण्याआधी? म्हणाली, "आधी मी मस्त झोपायचे." काढून ठेव म्हटलं. तर म्हणते, "मग मला कळणार कसं, झोपले की नाही ते?" मला तरी काय कळतं हल्ली.

काकूंचं एक सांगायचं होतं. काकांच्या फोनवर मीच ते गोळ्यांची आठवण करणारं अॅप घालून दिलं होतं, बीपीच्या गोळीसाठी. तो फोन आता काकू वापरतात. रोज सकाळी नऊला काउंटरवर वाजतो, "गोळी घेतली का?" आणि काकू "घेतली" दाबतात. मी म्हटलं, काढून टाकू का ते? म्हणाल्या, "असू द्या. नाही दाबलं तर वाजत राहतं, दाबलं की गप्प बसतं. हेसुद्धा असेच होते, हो म्हटलं की गप्प."

मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "छोट्या डॉक्टरला लिहिता ना? लिहा, काकूच्या मनात काही नाही. माझ्या मांडीवर वाढलंय ते पोर. फोनवर बघताना चुकलं असेल. मुद्दाम का कुणी करतं? मी केव्हाच माफ केलंय त्याला."

मी मान डोलावली. तुला तसं लिहिते म्हटलं. लिहिलं.

आई


६ एप्रिल

छोटे डॉक्टर,

आज तो बस-ड्रायव्हर आला होता. तुला माहीत नाही तो. म्हणजे, माहीत आहे, पण चेहऱ्यानं नाही.

माणूस मोठा मजेचा. गेल्या वर्षापासून चालायला लागलाय, फोन पावलं मोजतो आणि तो मोजलेली पावलं रोज संध्याकाळी मला पाठवतो. मी मागितली नाहीत. आठ हजार झाली की अंगठा, दहा झाली की हात जोडलेले. आज मुद्दाम आला, कारण म्हणे वर्ष झालं. "डॉक्टरीणबाई, गेल्या वर्षी आजच्याच दिवशी तुम्ही मला हॉस्पिटलात पाठवलंत म्हणून मी जिवंत आहे." त्यांनी दोन दिवस ठेवून घेतलं, सगळं तपासलं आणि काही नाही म्हणून सोडलं. पण तो सगळ्यांना सांगतो की मी त्याला वाचवला. काकू काउंटरमागेच होत्या. त्यांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. "बरं झालं हो," म्हणाल्या, "एकाचं तरी नशीब चांगलं होतं त्या दिवशी."

मला त्या पाण्याच्या पेल्याकडे बघवेना. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं असतं. बाकी कुणाला काही दिसत नसतं, आपल्यालाच सगळीकडे लख्ख उजेड.

तर मग लिहिते, म्हणजे निदान कागदावर तरी एकदा येईल. त्या दिवशी गोंधळ झाला. सकाळी ड्रायव्हर छातीत दुखतंय म्हणून आला. त्याची ईसीजीची पट्टी काढली. तू हृदयाचा डॉक्टर झाल्यापासून छातीची प्रत्येक पट्टी फोटो काढून तुला पाठवायची ही आपली पद्धत. आणि नाव लिहायचं नाही, ही तुझी सक्त ताकीद. "आई, कुणाचं नाव फोनवर फिरायला नको, वय लिही फक्त." म्हणून पट्टीवर लिहिलं, पुरुष, अठ्ठावन्न. काकांनी फोन नेहमीसारखा मागच्या खिडकीपाशी नेला, कारण तपासणीच्या खोलीत रेंज येत नाही. शब्द हलके असतात, ते दारातूनही आत येतात. फोटोला खिडकी लागते. हे काम कायम काकांचं. हात लांब करून उभे राहायचे, आणि गेला की ओरडायचे, "सुटली गाडी!"

ड्रायव्हरला बाकावर बसवलं, तुझ्या उत्तराची वाट बघत. वीस मिनिटांनी काका म्हणाले, मलाही जरा पोटात वर जळजळतंय, काल खोकी उचलली त्यानं असेल. मी म्हटलं, झोपा, तुमचीही काढून टाकू. काकाही अठ्ठावन्नचेच. काढली, फोटो घेतला, पाठवला. दोन मिनिटांत तुझं उत्तर आलं. "नॉर्मल आहे. घरी जाऊ दे."

बाहेर तीस माणसं होती. मी काकांना घरी पाठवलं. आणि ड्रायव्हरचं उत्तर काही आलं नाही, तेव्हा उगाच धोका नको म्हणून त्याला हॉस्पिटलात.

रेंजचा गोंधळ, दुसरं काय.

आई


२७ एप्रिल

बाळा,

आज "छोटे डॉक्टर" लिहायला हात वळत नाही.

माझा जुना फोन म्हातारा झाला म्हणून कंपनीच्या माणसानं नवा आणला. "जुन्यातलं सगळं नव्यात येईल मॅडम, एक अक्षर जाणार नाही." मी म्हटलं, थोडं गेलं तरी चालेल. तो परत हसला नाही. दोन फोन शेजारी शेजारी टेबलावर ठेवले आणि तासभर एकातून दुसऱ्यात गेलं सगळं, तेरा हजार फोटो. पुरळं, जिभा, सुजलेले घोटे, फरशी. त्यात तुझा आणि माझा संवादही आला. निरोप पाठवायचे, पण वर्षभर मी तो मागे सरकवून त्या दिवसापर्यंत गेले नव्हते. नव्या फोननं तो दिवस आपणहून उघडून दाखवला.

ड्रायव्हरची पट्टी, दहा अठ्ठेचाळीस. त्याखाली तुझं उत्तर, अकरा बारा. आणि काकांची पट्टी, तुझ्याकडे पोचल्याची वेळ, एक एकेचाळीस.

मला हे नवं कळलं असं नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थांबत नाही. एकनंतर मी दवाखाना आवरला, नेहमीप्रमाणे फोन घेऊन मागची खिडकी लावायला गेले, आणि तिथं हातातला फोन थरथरला. गाडी तेव्हा सुटली. अडीच तास ती पट्टी माझ्या फोनमध्ये बसून होती, छोटं घड्याळ दाखवत, कारण ती खिडकीपाशी नेणारा माणूस स्वतःच टेबलावर झोपला होता. चार मिनिटांत तुझा फोन. तू ओरडत होतास, "आई, कुणाची आहे ही? आत्ताच्या आत्ता हलव त्याला!" मी म्हटलं, "काकांची." मी चपलाही न घालता दोन गल्ल्या धावले. काकू दारात होत्या. काका खुर्चीत होते.

म्हणजे मला त्याच दिवशी, त्याच क्षणी माहीत होतं की तुझं उत्तर ड्रायव्हरचं होतं. तुला माहीत होतं. आपल्या दोघांनाच माहीत होतं.

आणि संध्याकाळी तू आलास, घर माणसांनी भरलेलं होतं, काकांच्या थोरल्या भावानं सगळ्यांसमोर मला विचारलं, "तुमच्या दवाखान्यात असून असं कसं झालं?" तर मी काय म्हटलं? उचलली जीभ लावली टाळ्याला. "मी पट्टी याला पाठवली होती. हा नॉर्मल म्हणाला." दोन्ही गोष्टी खऱ्या. शेजारी शेजारी ठेवल्या की खोट्या. सगळ्या माना तुझ्याकडे वळल्या. तू माझ्याकडे बघत होतास. तुझा फोन शर्टाच्या खिशात होता, मला दिसत होता. काढून दाखवला असतास तर दोन सेकंदांत संपलं असतं. तू वाट बघितलीस, मी काही बोलेन म्हणून. मी काकूंच्या खांद्यावर हात ठेवला आणि रडले.

तू खिशाला हात लावला नाहीस. तेराव्या दिवसापर्यंत राहिलास, काकांचा भाऊ तुझ्याशी बोलत नव्हता तरी. मग गेलास तो गेलास. इथल्या लोकांसाठी आजही तू फोनवर बघून माणूस घालवलेला डॉक्टर आहेस. हे माझ्यासमोर म्हणतात लोक, सहानुभूतीनं. "तरुण मुलं, मॅडम, सगळं घाईत."

आई


३ मे

बाळा,

काकूंना सांगायचं ठरवलंय. सोमवारी, जेवण झाल्यावर.

भीती वाटतेय, ती तुला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगू? लोकांची नाही वाटत. अॅपवर एक तारा देतील, देऊ देत. भीती ही की सकाळी साडेआठला दार वाजणार नाही. वर्षभर मी एका माणसाच्या जिवावर दिवस काढतेय, आणि तो माणूस माझ्याकडे फक्त मी खोटं बोलले म्हणून येतो. काका गेले ते माझ्यामुळे, हे कळल्यावर त्या माझ्याबरोबर जेवतील का? मी असते तर नसते जेवले.

म्हणून वर्षभर तुला विकलं मी, बाळा. एका जेवणाच्या सोबतीसाठी.

आई


५ मे

बाळा,

सांगितलं.

डबे धुऊन झाले होते. मी दोन्ही फोन आणि केसपेपर पुढ्यात ठेवले आणि म्हटलं, "काकू, बसा जरा." वेळा वाचून दाखवल्या. फोटोला खिडकी लागते हे त्यांना समजवावं लागलं नाही, त्या काकांच्या तोंडून ते इतकी वर्षं ऐकत होत्या. मी म्हटलं, "त्याच्याकडे पट्टी पोचलीच नव्हती. त्यानं पाहिली तेव्हा उशीर झाला होता. चूक माझी. आणि तुमच्या घरात मी जे बोलले ते खोटं."

त्या बराच वेळ पदराचं टोक दुमडत बसल्या. मला वाटलं रडतील. मग म्हणाल्या, "म्हणजे वर्षभर मी त्या पोराला माफ करत बसले ते?"

मी दोन्ही फोन पालथे घातले.

"तुमच्याच टेबलावर जेवून? आणि तुम्ही मान डोलवत होता? त्यानं एकदा फोन केला होता मला, दिवस झाल्यावर. मी म्हटलं, जाऊ दे रे बाळा, होतात चुका. आणि तो म्हणाला, हो काकू." इथे त्यांचा आवाज चढला. "हो काकू म्हणाला तो! ऐकताय का डॉक्टरीणबाई?"

ऐकत होते. हे मला माहीत नव्हतं. तू त्यांनाही सांगितलं नाहीस.

त्या उठल्या. कपाटाची किल्ली कमरेला होती, ती काढून टेबलावर ठेवली, आपटली नाही. आपला डबा पिशवीत घातला. दारातून म्हणाल्या, "एखादं माणूस चुकतं. तेवढं मी समजून घेतलं असतं हो, तेव्हाच." आणि गेल्या.

आई


१४ मे

बाळा,

नंबर आता फोनच पुकारतो. कंपनीच्या माणसानं बाईचा आवाज घालून दिलाय. "क्रमांक सात, कृपया आत यावे." लोक दचकतात. काकू असत्या तर सातच्या आधी नऊला आत सोडलं असतं, कारण नऊचं पोर रडत असतं. त्या म्हणायच्या, "फोनला काय कळतंय कुणाला घाई आहे ते!"

थोरल्या भावाला मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी दारातच ऐकून घेतलं, बसा म्हणाले नाहीत. ड्रायव्हरलाही सांगितलं की मी तुम्हाला वाचवलं नाही. तो म्हणाला, "असेल, पण मी चालायला तर तुमच्यामुळेच लागलो." आणि संध्याकाळी अकरा हजार पावलं पाठवली.

सकाळी नऊला काउंटरवर काही वाजत नाही. एक वाजता मी उभ्याउभ्याच जेवते. समोरची बाई कपडे वाळत घालते.

आई


२५ मे

बाळा,

आज अॅपवर बाराव्या नंबरला काकूंचं नाव होतं. मी दोनदा वाचलं. त्या ओळीत बसल्या होत्या, इतर पेशंटसारख्या, मांडीवर पिशवी घेऊन. फोननं "क्रमांक बारा" म्हटल्यावर आत आल्या.

"चार दिवस छातीत जड वाटतंय," म्हणाल्या. "आधी दुसऱ्या डॉक्टरकडे निघाले होते. अर्ध्या रस्त्यातून परत फिरले. म्हटलं, ह्या बाईला आता माझ्या बाबतीत चुकायची हिंमत होणार नाही."

मी पट्टी काढली. छातीवरच्या चिकट्या दोनदा सुटल्या, दोनदा परत लावल्या. पट्टी बाहेर आली तशी त्या म्हणाल्या, "कुणाला पाठवणार?"

"कुणालाच नाही. मी वाचते."

"फोन कुठाय?"

"ड्रॉवरमध्ये."

त्या आढ्याकडे बघत पडून राहिल्या आणि मी वाचली. तीनदा वाचली, बोट ठेवून, पहिल्या वर्षाला शिकताना वाचायचे तशी. फोनमधली बाई बाहेर तेरा नंबरला बोलवत राहिली.

"नॉर्मल आहे," मी म्हटलं.

"मग जाऊ घरी?"

बाळा, ते शब्द माझ्या तोंडून निघेनात. मी म्हटलं, "नाही. बसा बाहेर. अर्ध्या तासानं परत काढू." हे पुस्तकात पहिल्याच पानावर असतं. दुखणं चालू असेल तर एका पट्टीवर विसंबू नका, पुन्हा काढा. काकांची मी पुन्हा काढली नाही.

त्या बाहेर गेल्या. बाकावर जागा नव्हती म्हणून जुन्या खुर्चीत बसल्या. थोड्या वेळानं मला आवाज आला, "अगं तू ये आधी, ताप भरलाय लेकराला. तेरा नंबर, तुम्ही दोन मिनिटं थांबा, काही बिघडत नाही." फोनमधली बाई एकटीच बोलत राहिली.

दुसरी पट्टीही चांगली निघाली. निघताना त्या म्हणाल्या, "तुमच्या पोराला मी फोन केला होता. माझी माफी मी घेतली परत. त्यानं एवढंच विचारलं, आईनं स्वतःहून सांगितलं का तुम्ही विचारल्यावर? मी म्हटलं, स्वतःहून. मग नुसताच फोन धरून बसला. बराच वेळ. मीही ठेवला नाही."

उद्या येणार का, असं मी विचारलं नाही, त्या बोलल्या नाहीत. किल्ली टेबलावर होती तिथेच आहे.

आता शेवटचं एक राहिलंय. ते काकूंना सांगितलंय आज, दुसऱ्या पट्टीच्या वेळी, आणि तुला सांगायचंय. रेंज, घड्याळ, खिडकी, हे सगळं खरं आहे आणि तरी त्याच्या मागे मी लपलेच होते. काकांची पट्टी मशीनमधून निघाली तेव्हा मी ती पाहिली होती. दोन ठिकाणी रेघ जराशी उचललेली होती. मला दिसली. पस्तीस वर्षं पट्ट्या बघतेय मी, दिसणार नाही तर काय! मनात आलं, हे बरोबर नाही. आणि लगेच मनात आलं, पोरगा बघेलच. मग तुझं उत्तर आलं आणि मी माझ्या डोळ्यांवरचा विश्वास काढून घेतला, कारण बाहेर तीस माणसं होती आणि नॉर्मल म्हणणारं कुणीतरी मिळालं होतं. तुझ्याआधी ती पट्टी मी वाचली होती, बाळा. माझं उत्तर मीच दिलं नाही.

काकूंनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "हे त्याला लिहा. तोंडानं सांगायला जाऊ नका, तुम्ही रडता आणि मग सगळे तुम्हालाच पाणी देतात."

म्हणून लिहिलं. सोबत काकांची पट्टी पाठवतेय, फोटो नव्हे, खरी. हा कागद टिकत नाही, तुला ठाऊक आहे, दोन-तीन वर्षांत रेघा उडून जातात. अजून वाचता येते. तुझी ताकीद मोडून तिच्यावर मी काकांचं पूर्ण नाव घातलंय, वय, तारीख, सकाळचे अकरा दहा, आणि खाली सही केलीय, "पाहिली." तुला कधी कुणी विचारलं तर खिशातून हे काढून दाखव.

पोस्टात टाकायला मी स्वतः जातेय. या वेळी उत्तराची घाई नाही.

आशीर्वाद.
आई